डोंगरउतारावरील धोकादायक वृक्ष : तोड आणि तोडीनंतर

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात वृक्षारोपणावर एखादा तरी लेख असतोच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण खड्डे खणतो, रोपे लावतो, छायाचित्र काढून घेतो आणि परततो. झाड तोडण्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही. तो विषय काहीसा अशुभ मानला जातो. तरीही सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कुशीत राहणाऱ्या हजारो कुटुंबांपुढे दर वर्षी मृगाच्या आधी एक प्रश्न उभा राहतोच : घरामागच्या चढावरचे ते वाकलेले झाड ठेवायचे की काढायचे? आणि काढायचे तर कसे?

हा प्रश्न माझ्या घरातला आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे. आमची वाडी पोलादपूर तालुक्यातली. घराच्या मागे अंगणापासूनच डोंगर चढू लागतो. त्या चढावर, घरापासून पंधरा-वीस पावलांवर, एक जुना ऐन होता. उंची सुमारे वीस मीटर, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर दोन मीटरच्या आसपास. बुंध्याशी ढोली पडलेली, शेंडा वाळलेला आणि सगळा भार घराच्या दिशेने झुकलेला. २०१८ च्या जानेवारीत रीतसर परवानगी काढून तो तोडला. मी तेव्हा नववीत होतो. तो तोडण्याचा निर्णय योग्य होता असे मला आजही वाटते. पण तो ज्या रीतीने तोडला आणि तोडल्यानंतर आम्ही जे केले, ते चुकीचे होते. त्या चुकीची किंमत आम्ही साडेतीन वर्षांनी मोजली. ती हकीकत ओघाने येईलच. त्याआधी विषयाची थोडी शास्त्रीय मांडणी करणे अगत्याचे आहे.

धोकादायक झाड कशाला म्हणावे?

वाकलेले झाड म्हणजे धोकादायक झाड, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. उतारावरची माती वर्षानुवर्षे कणाकणाने खाली सरकत असते. तिच्याबरोबर कोवळे झाड कलते आणि पुन्हा उजेडाकडे सरळ वाढू लागते. अशा झाडाचा बुंधा मुळाशी कोयत्याच्या पात्यासारखा वळलेला दिसतो. ते झाड त्या कलासह वाढलेले असते. त्याने आपले लाकूड आणि मुळे त्या बेताने घडविलेली असतात. मात्र हा वळलेला बुंधा आपल्याला एक गोष्ट सांगतो, ती ही की येथील माती हलती आहे. याउलट बुंधा सरळसोट असून संपूर्ण झाडच कललेले असेल, चढाकडच्या बाजूस जमिनीला भेग पडली असेल किंवा माती फुगून वर आली असेल, तर ते झाड अलीकडे हललेले आहे असे समजावे. ही खरी धोक्याची खूण होय.

दुसरी खूण कुजण्याची. बुंध्याच्या तळाशी किंवा मुळांवर कडक, फळीसारख्या अळंब्या उगवल्या असतील तर आतले लाकूड कुजत आहे असे धरून चालावे. लाकडी हातोड्याने बुंध्यावर ठोकत गेले असता भरीव लाकडाचा आणि पोकळीचा आवाज निराळा येतो. आमच्याकडचे जुने लाकूडतोडे हाताच्या मुठीने ठोकूनही हे ओळखतात. पोकळ झाड लगेच पडतेच असे नाही. नळकांडे जसे भरीव सळईपेक्षा फारसे दुर्बळ नसते, तसेच हे आहे. जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांनी पडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या अनेक झाडांची पाहणी करून असे मांडले की, बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांशाहून कमी जाडीचे निरोगी लाकूड उरले म्हणजे मोडण्याची शक्यता बरीच वाढते. हा काही अटळ नियम नव्हे. पण इशारा म्हणून उपयोगी आहे.

तिसरी खूण माणसाने केलेली असते. रस्त्यासाठी, घराच्या जोत्यासाठी किंवा पाण्याच्या नळासाठी उतार कापला जातो आणि झाडाची एका बाजूची मुळे तुटतात. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच पसरलेली असतात, आणि पानांच्या घेराबाहेरही दूरवर जातात. सह्याद्रीवर तर कातळावरची माती कित्येक ठिकाणी हातभरच असते. तेथे मुळे आडवी पसरतात आणि काही थोडी कातळाच्या भेगांत शिरून पकड घेतात. उतार कापला की ही पकड सुटते. झाड वरून हिरवेगार दिसत राहते, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

या सर्व खुणा पाहिल्यावर शेवटचा आणि महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा : हे झाड पडले तर कशावर पडेल? रानात, ज्याच्या खाली घर नाही, गोठा नाही, पायवाट नाही, असे पोकळ झाड धोकादायक नव्हे. ते घुबडाचे आणि धनेशाचे घर होय. धोका हा झाडाच्या दुर्बलतेत जितका असतो तितकाच खाली काय आहे यातही असतो. कधी कधी झाडाऐवजी गोठाच दहा पावले हलविणे स्वस्त आणि शहाणपणाचे ठरते.

उतारावर सारे गणित बदलते

सपाटीवर झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणी उभे राहू नये असा संकेत आहे. उतारावर खालच्या बाजूला हा संकेत अपुरा पडतो, कारण तेथे पडलेली वस्तू थांबत नाही. साठ सेंटिमीटर व्यासाचा आणि तीन मीटर लांबीचा ओला ओंडका घेतला तर त्याचे वजन पाऊण टनाच्या घरात जाते. तो एकदा गडगडू लागला की गडगे, कुंपण किंवा भिंत त्याला अडवू शकत नाही. तेव्हा थेट खालचा संपूर्ण पट्टा, वाटेसह आणि वस्तीसह, रिकामा करावा लागतो.

पडण्याच्या वेगाचेही तसेच आहे. सपाट जमिनीवर वीस मीटर उंचीचे झाड आडवे झाले तर त्याचा शेंडा वीस मीटर खाली येतो. तीस अंशांच्या उतारावर तेच झाड खालच्या दिशेने पाडले तर शेंडा तीस मीटर खाली येतो, आणि चढाच्या दिशेने पाडले तर केवळ दहा मीटर. म्हणजे खाली पाडलेल्या झाडाचा शेंडा तिप्पट उंचीवरून आपटतो. लाकडाच्या ठिकऱ्या होतात, बुंधा घसरत सुटतो आणि वाटेतली माती खरवडून नेतो. चढाकडे पाडलेले झाड हळू पडते. पण त्याचा बुंधा मागे, म्हणजे तोडणाऱ्यांच्याच अंगावर, सटकण्याची भीती असते. म्हणून जागा असेल तर झाड उताराला आडवे, समपातळीच्या रेषेत, शेजारच्या दोन-तीन भक्कम बुंध्यांना टेकेल असे पाडणे सर्वांत बरे.

पाडणे नव्हे, उतरविणे

झाड हव्या त्या दिशेला पाडण्याची रीत जगभर जवळजवळ एकच आहे. पडावयाच्या बाजूस बुंध्याच्या व्यासाच्या सुमारे चौथ्या हिश्शाइतकी खोल पाचरीच्या आकाराची खाच घेतात. मग उलट बाजूने, खाचेच्या तळापेक्षा किंचित उंचावर, आडवा काप घेत येतात. दोहोंच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी लाकडाची पट्टी न कापता ठेवतात. ही पट्टी दाराच्या बिजागरीचे काम करते. झाड तिच्यावर वळते आणि ठरल्या दिशेने जाते. बिजागरी पूर्ण कापली गेली तर झाड कोठे जाईल याचा भरवसा उरत नाही. फार झुकलेल्या झाडात याहून वेगळा धोका असतो. मागचा काप पुरा होण्याआधीच बुंधा उभा चिरतो आणि चिरलेला भाग उसळून तोडणाऱ्याच्या छातीवर येतो.

पोकळ झाडाच्या बाबतीत मूळ अडचण अशी की बिजागरीला लागणारे निरोगी लाकूडच तेथे नसते. म्हणून घरावर झुकलेले, पोकळ आणि उतारावरचे झाड एका कापात पाडावयाचे नसते. ते तुकड्यातुकड्यांनी उतरवावयाचे असते. आमच्या पंचक्रोशीत झाडावर चढणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. या लेखासाठी मी त्यांना भेटलो तेव्हा मी विचारले, "काका, असं झाड पाडायचं कसं?" ते म्हणाले, "पाडायचं नाहीच, बाळा. पाडायला कुऱ्हाड लागते, उतरवायला दोर लागतो. कुऱ्हाड कोणाकडेही असते." मग त्यांनी रीत सांगितली. आधी वाळक्या फांद्या उतरवाव्यात, कारण त्या हादऱ्याने आपोआप तुटतात. मग घराकडच्या बाजूच्या फांद्या घ्याव्यात, म्हणजे भार हलका होऊन झुकाव कमी होतो. प्रत्येक मोठी फांदी तोडण्याआधी दोराने बांधावी. दोर वरच्या मजबूत बेचक्यावरून किंवा कप्पीतून घ्यावा आणि खाली दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला दोन-तीन वेढे द्यावेत. वेढ्यांच्या घर्षणामुळे एकच माणूस जड फांदी सावकाश सोडू शकतो. दोर हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नये. दोराच्या वळशात पाय ठेवून उभे राहू नये. झाड कुजके असेल तर चढणाऱ्याने आपला दोर त्या झाडाला न बांधता शेजारच्या धडधाकट झाडाला बांधावा. असे झाड शेजारी नसेल तर चढूच नये.

याला त्यांनी उताराचे दोन नियम जोडले. काम करणारा माणूस नेहमी लाकडाच्या वरच्या अंगाला असावा आणि एका माणसाच्या थेट खाली दुसरा माणूस कधीही नसावा. शिवाय मागे तिरके निसटण्याची वाट आधीच झाडून मोकळी करून ठेवावी. पेट्रोलवर चालणारी करवत आल्यापासून काम वेगाने होते, पण हे नियम मात्र घाईत मोडले जातात, असे ते म्हणाले.

येथे एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. हे काम करणारे बहुतेक जण रोजंदारीवरचे असतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण नसते, कमरेला पट्टा नसतो, विम्याचे नावही नसते. झाडाचा धोका आपल्या घरावरून काढून आपण तो त्यांच्या अंगावर ठेवतो. मजुरी ठरवताना दोर, पट्टा आणि शिरस्त्राण यांचा खर्च त्यात धरणे ही मालकाची जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

परवानगी आणि हंगाम

ही दोन्ही अंगे परस्परांशी निगडित आहेत. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, साग, खैर अशी आपल्या ओळखीची झाडे येतात. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शहरी भागांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आणि त्याखालील वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा दिला. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथील निर्बंध अधिक कडक आहेत.

अर्ज, सातबाराचा उतारा, पाहणी, पंचनामा यांत महिने जातात. तोडीचा योग्य काळ मात्र मार्गशीर्ष ते फाल्गुन हाच आहे, कारण तेव्हा माती कोरडी व घट्ट असते आणि पाय घसरत नाही. म्हणून दिवाळीपूर्वीच अर्ज करावयास हवा. प्रत्यक्षात आपल्याला झाडाची आठवण वैशाखात वळवाच्या पहिल्या वावटळीबरोबर होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतील आंबा, नारळ, पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. त्यानंतर आमच्या भागातही लोकांनी धास्तीने चांगली झाडे तोडली. भीतीपोटी घाईने केलेली तोड बहुधा चुकीच्या झाडाची असते.

मुळांचे ऋण

आता आमच्या ऐनाकडे वळतो. कंत्राटदाराने तो एका कापात पाडला. घर वाचले, पण बुंधा घसरत जाऊन गडगा फोडून गोठ्याच्या कोपऱ्याशी थांबला. कोणाला इजा झाली नाही, म्हणून सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग चुलत्यांनी विचार केला की आता जागा मोकळी झालीच आहे, तर खोड काढून पेंढ्याची उडवी रचण्यापुरती सपाटी करावी. यंत्र आणून खोड मुळासकट उपटले आणि उरलेली मुळे जाळली. आजी तेवढी म्हणाली, "अरे, त्या खोडाने तुमचं काय घोडं मारलं होतं?" तिचे कोणी ऐकले नाही.

२२ जुलै २०२१ च्या रात्री आमच्याकडे जो पाऊस झाला तो कोणी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आम्ही संध्याकाळीच शेजारच्या सपाटीवरच्या घरात गेलो होतो, म्हणून वाचलो. पहाटे ऐनाच्या जागेपासून खाली माती सुटली आणि गोठा दोन गुरांसह नाहीसा झाला. सपाटी केलेल्या जागेत साचलेले पाणी तेथूनच आत मुरले होते.

एका ऐनामुळे हे घडले असे मी म्हणणार नाही. त्या रात्री दाट झाडीचे उतारही सुटले. मालीणला २०१४ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये जे झाले तेही एखाद्या झाडाचे गणित नव्हते. मातीची जाडी, कातळाचा कल, पाण्याची वाट आणि पाऊस ही मोठी कारणे असतात, आणि खोलवरून सुटणारी दरड मुळांना जुमानत नाही. परंतु घरामागच्या लहान, उथळ घसरणीत मुळांचा वाटा निश्चित असतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील डोंगरांत आणि न्यूझीलंडमध्ये १९७० नंतर या विषयाचा बारकाईने अभ्यास झाला. त्यातून असे दिसून आले की झाड तोडल्यावर त्याची मुळे लगेच निकामी होत नाहीत. ती हळूहळू कुजतात आणि काही वर्षांत त्यांची ताकद निम्म्याहून कमी होते. नव्या झाडांची मुळे पुरेशी बळकट होण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. या दोहोंमधला, साधारण तिसऱ्या वर्षापासूनचा काळ हा उताराच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. झाड गेले म्हणून निर्धास्त झालेला माणूस नेमका याच काळात झोपलेला असतो. आम्ही तर मुळे कुजण्याचीही वाट पाहिली नव्हती.

तेव्हा तोडीनंतर काय करावे? पहिली गोष्ट, खोड उपटू नये आणि जाळू नये. ऐन, किंजळ, जांभूळ, साग अशी कित्येक झाडे खोडातून पुन्हा फुटतात. ढोली वर असली तरी मुळे जिवंत असतात. फुटव्यांतून दोन-तीन जोमदार राखले तर मुळेही जगतात आणि घरावर भारही येत नाही. कोकणात भाताच्या राबासाठी ऐन-किंजळीचे टाहाळ छाटण्याची जी जुनी चाल आहे, तिच्यात अजाणता हेच साधले आहे. वर्षानुवर्षे डोके उतरविलेली ती ठेंगणी झाडे बांधावर घट्ट उभी असतात. म्हणून पुष्कळदा संपूर्ण तोडीऐवजी शेंडा आणि भार उतरविणे एवढेच पुरते.

दुसरी गोष्ट, झाड तोडण्याआधी एक-दोन पावसाळे त्याच्या आसपास पुढची लागवड करावी. खाली वाळ्याच्या दाट ओळी समपातळीत लावाव्यात. त्याची तंतुमुळे सरळ खाली दोन-तीन मीटर जातात. कडेला बांबूचे बेट धरावे, मध्ये बेताच्या उंचीची स्थानिक झुडपे असावीत. तिसरी गोष्ट पाण्याची. छपराचे, रस्त्याचे, शेताचे पाणी त्या जागेकडे येऊ देऊ नये. वरच्या बाजूला पन्हळ काढून ते बाजूच्या ओहोळात सोडावे. घराच्या थेट वर चर खणून पाणी जिरवू नये. जी गोष्ट माळावर पुण्याची ती येथे घाताची ठरते. चौथी गोष्ट, फांद्या व काटक्या उताराला आडव्या, खुंटे ठोकून अंथराव्यात, म्हणजे वाहती माती अडते. मात्र मोठे ओंडके उतारावर रचून ठेवू नयेत.

समारोप

झाड तोडणे हे काही तासांचे काम आहे. त्याआधी एक-दोन वर्षांची तयारी आणि त्यानंतर दहा-पंधरा वर्षांची राखण यांनी ते पुरे होते. आपण मधले काही तास तेवढे मोजतो, कारण डोळ्यांना दिसणारा धोका तेवढाच असतो. उभ्या झाडाने जमिनीखाली काय धरून ठेवले होते, हे झाड गेल्यावरच कळते.

आमच्या घरामागे आता ती सपाटी नाही. घरमालकांची परवानगी घेऊन आम्ही सध्या त्या शेजारच्या घरातच राहतो. जुन्या जागेवर दोन वर्षांपूर्वी चुलत्यांनी आणि मी वाळा लावला, कडेला बांबू लावला. गेल्या पावसाळ्यानंतर मी पाहायला गेलो तेव्हा जाळण्यातून वाचलेल्या एका मुळाला, मूळ जागेपासून चार हातांवर, ऐनाचा कोंब फुटलेला दिसला. गुढघ्याएवढा आहे. आजीने त्याच्याभोवती काट्यांचे कुंपण घातले आहे आणि गुरे तिकडे जाऊ नयेत म्हणून ती रोज संध्याकाळी एक फेरी मारते.